लेखी द्या

वडील गेल्यानंतर साधारण दीड महिन्याने मी, दादा आणि चुलते अण्णा असे तिघे वारस नोंदीचा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो होतो. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी वडिलांच्या नावावर थोडी द्राक्षबाग आहे. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, सातबारा आणि आठ-अ यांचे उतारे असे सगळे कागद दादाने एका फाइलमध्ये नीट लावून आणले होते. अर्जात चार नावे होती: आई, दादा, मी आणि धाकटी बहीण. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, नावांवरून बोट फिरवले, माझ्या नावापाशी थांबले आणि फाइल आमच्याकडे परत सरकवली.

"दोन्ही ताईंचं हक्कसोडपत्र करून आणा, मग नोंद लावू."

मी म्हटले, "हक्क सोडायचा की ठेवायचा, ते आम्ही भावंडं नंतर ठरवू, भाऊसाहेब. आधी सगळ्या वारसांची नावं लागू द्या."

"तसं होत नाही, ताई. इथं सगळे असंच करतात."

"मग तसं होत नाही एवढं मला लेखी द्या."

अण्णांनी माझ्या कोपराला हात लावला. साहेबांना दुखावू नकोस, असा त्या स्पर्शाचा अर्थ होता. त्यांच्या पिढीने कार्यालयाच्या पायऱ्या नेहमी हात जोडूनच चढल्या, त्यामुळे त्यांचे मला वाईट वाटले नाही. टेबलामागच्या गृहस्थांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. "लेखी कशाला? मी सांगतोय ना." मी म्हटले, "मग अर्ज ठेवून घ्या आणि मला पोच द्या." दोन-तीन मिनिटे कोणीच बोलले नाही. मग त्यांनी खणातून तारखेचा शिक्का काढला, त्याची चाके फिरवून तारीख जुळवली आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून खाली आवक क्रमांक लिहिला.

त्या दिवसापासून हा प्रसंग माझ्या मनातून गेलेला नाही. ते गृहस्थ वाईट होते असे मला म्हणायचे नाही. वर्षानुवर्षे बहिणींकडून हक्कसोड घेऊनच नोंदी लावण्याची जी वहिवाट पडून गेली होती, ती त्यांनी आमच्यापुढे ठेवली, एवढेच. पण ती कागदावर उतरवण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थांबला, कारण तिला आधार देणारे एकही कलम त्यांना लिहिता आले नसते. वारसा कायद्याने १९५६ पासून मुलीला वडिलांची वारस मानले आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तिला मुलाइतकाच हक्क दिला आहे. जे तोंडाने सहज सांगता येत होते ते लिहिता येत नव्हते. स्वातंत्र्य, न्याय आणि सरकारची सत्ता या विषयांवर मी आजवर जे काही वाचले, ते मला त्या टेबलापाशी पहिल्यांदा नीट समजले, असे मी मनापासून म्हणेन.

आपल्याकडे लेखी आदेशाचे महत्त्व इंग्रजांबरोबर आले, असा एक समज आहे. तो खरा नाही. मराठेशाहीत गोतसभेपुढे वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही बाजूंचे करीने, म्हणजे लेखी म्हणणे, लिहून घेतले जात, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर, म्हणजे निवाडापत्र, तयार होई. त्यावर अक्षरशत्रू कुणबी आपली निशाणी म्हणून नांगर काढत असे. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये चिपळूणच्या मुक्कामातल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना जे पत्र पाठवले, तेही राज्याने आपल्याच हाताला घातलेले लेखी बंधन होते. दाणा, वैरण, भाजी रयतेकडून फुकट उचलून तिला त्रास द्याल तर याद राखा, असा त्या पत्राचा आशय आहे. तोंडी ताकीद शिपायापर्यंत पोहोचेपर्यंत विरून गेली असती. पत्र साडेतीनशे वर्षे टिकले.

कागदालाही फसवता येते, हे मात्र आम्हा नाशिककरांना कोणी वेगळे सांगायला नको. गंगापूर रस्त्यावरच्या आनंदवल्लीला हे नाव आनंदीबाईंवरून पडले. राघोबादादा तिथे वाडा बांधून राहत. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला आणि त्यामागची 'ध'चा 'मा' केल्याची कथा मराठीत म्हणच होऊन बसली. ती आख्यायिका आहे, तिला पुरावा म्हणून उभे करता येत नाही. तरी लोकांनी ती अडीचशे वर्षे जपली, याला माझ्या मते एक कारण आहे. राज्याच्या हुकमातल्या एका अक्षरावर माणसाचा जीव टांगलेला असतो, हे सामान्य माणसाला पक्के ठाऊक होते.

इंग्रजांनी कागदाचे राज्य उभे केले हे खरेच, पण त्याच राज्याने कारण न सांगता माणूस उचलण्याची सोयही जपून ठेवली होती. मुंबई इलाख्यात १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन होते. पुण्यात प्लेगच्या काळात रँडचा खून झाल्यावर जुलै १८९७ मध्ये नातू बंधूंना याच रेग्युलेशनखाली अटक झाली आणि खटला न चालवता १८९९ पर्यंत स्थानबद्ध ठेवले गेले. १८९७ मध्येच टिळकांवर १२४-अ कलमाखाली राजद्रोहाचा खटला चालून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. शिक्षा अन्यायाची होती, पण आरोप लिहिलेला होता, लेख पुढे होते, न्यायाधीश होता, युक्तिवाद झाला, आणि म्हणूनच तो खटला आज आपण वाचू शकतो. नातूंचे काय वाचणार? त्यांच्यावर खोडून काढता येईल असा आरोपच नव्हता.

हाच फरक मला महाड आणि नाशिक यांच्यामध्ये दिसतो, आणि इथे मला जरा थांबायचे आहे, कारण काळाराम मंदिराच्या पूर्वदरवाज्यावरून जाताना आजही माझी पावले मंदावतात. महाडला चवदार तळ्याच्या दुसऱ्या सत्याग्रहापूर्वी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसे जमलेली असताना तो हुकूम पाळला आणि मग त्याच्याशी न्यायालयात झुंज दिली. विरोधकांना आपली बाजू लिहून मांडावी लागली. तळे खाजगी आहे, वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे त्यांचे म्हणणे होते. म्हणणे लिहिलेले असल्यामुळे ते तपासता आले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशी अनादी वहिवाट सिद्ध होत नाही असा निकाल दिला. दहा वर्षे लागली, पण निकाल लागला.

काळारामाच्या दारात असे काही नव्हते. २ मार्च १९३० रोजी हजारो सत्याग्रही मिरवणुकीने आले तेव्हा चारही दरवाजे बंद होते. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांचे सहकारी महिनेच्या महिने या दारांशी बसले, पकडले गेले, तुरुंगात गेले. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सरकारने बंदोबस्त ठेवला तो शांततेच्या नावाने, आणि दार बंद का, हा प्रश्न शांततेच्या बंदोबस्ताखाली दडपून राहिला. सत्याग्रह १९३५ पर्यंत रेंगाळत चालला, दार उघडले नाही, आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. दगडी भिंतीत बसवलेल्या बंद दरवाज्याविरुद्ध अपील करता येत नाही. बाबासाहेबांच्या हातून पुढे जी राज्यघटना साकारली, तिच्यात अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण कळलेच पाहिजे, असे बाविसाव्या अनुच्छेदाने बजावले आहे. ते वाचताना मला दरवेळी हे दार आठवते.

नाशिकरोडचा मध्यवर्ती कारागृह माझ्या घरापासून फार लांब नाही. १९३२-३३ च्या सुमारास या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता अशी मंडळी एकत्र आली आणि १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना इथेच आकाराला आली. परक्या सरकारने त्यांना शिक्षा सुनावून आत टाकले होते. तेच जयप्रकाश २६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीत पकडले गेले, आपल्या स्वतःच्या सरकारकडून. पुढचे एकवीस महिने, म्हणजे आणीबाणीभर, नाशिकरोडचा तुरुंग 'मिसा' या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली पकडलेल्या माणसांनी भरलेला होता. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे देशभरात 'मिसा'खाली सुमारे पस्तीस हजार माणसे स्थानबद्ध झाली. आमच्या गल्लीतले एक शिक्षक त्यांच्यात होते. त्यांच्या पत्नी मुलाखतीला जाताना पिशवीत घरचे लाडू आणि धुतलेले कपडे नेत. आपल्या नवऱ्याने नेमके काय केले, हे त्या प्रत्येक वेळी फाटकावर विचारत असत, असे आई सांगते. कागद त्यांच्याकडे होता. त्यावर कलम होते, सही होती, शिक्का होता. कारण नव्हते.

ते नसणे अपघाती नव्हते, हे मला फार उशिरा वाचनातून कळले. आणीबाणी लागताच काही दिवसांत अध्यादेश काढून 'मिसा'त १६-अ हे कलम घालण्यात आले होते आणि स्थानबद्धतेची कारणे त्या माणसाला कळवण्याचे बंधनच काढून टाकले होते. नऊ उच्च न्यायालयांनी तरीही स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतील असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या प्रकरणात चार विरुद्ध एक मताने ते सगळे निकाल फिरवले. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारले होते की, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही काय? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. एकटे खन्ना विरोधात गेले आणि त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. बहुमतातले एक न्यायमूर्ती आपले मराठी यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांच्या मुलाने, धनंजय चंद्रचूड यांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणाच्या हक्काचा निकाल लिहिताना वडिलांचा तो निकाल गंभीर चुकीचा ठरवला. एका घरात एकेचाळीस वर्षांनी लिहिलेली ही दुरुस्ती मला आपल्या न्यायव्यवस्थेतल्या सर्वांत आश्वासक गोष्टींपैकी एक वाटते, कारण दोघांनीही आपापली कारणे लिहून ठेवली होती आणि म्हणूनच मुलाला वडिलांशी वाद घालता आला.

त्यानंतरचा प्रवास मी वर्तमानपत्रांतून मोठ्या आस्थेने पाहत आले आहे. आदेश योग्य की अयोग्य हे त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच ठरवायचे, नंतर प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून त्याला टेकू देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल यांच्या प्रकरणात १९७७ सालीच सांगितले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातले कलम ४(१)(ड) फार कमी लोकांना ठाऊक असते. प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला कळवणे हे त्याने कार्यालयाचे कर्तव्यच ठरवले आहे. इंटरनेट बंद करण्याचे आणि जमावबंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असे जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात ठरले. घर पाडण्यापूर्वी किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस आणि कारणांसह आदेश हवा, असे १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने बजावले. अटकेची कारणे लेखी हवीत, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये ईडीच्या एका प्रकरणापासून सुरू झाले आणि ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सगळ्याच गुन्ह्यांना लागू झाले. त्या शेवटच्या निकालात एक अट आहे, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते: ती कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लिहिलेली असली पाहिजेत. सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाला इंग्रजीतला कागद हातात ठेवून कारण कळवले असे म्हणता येणार नाही.

सुरगाण्याचे नाव सहज घेतलेले नाही. २०१८ च्या मार्चमध्ये ६ तारखेला सीबीएस चौकातून निघालेला शेतकऱ्यांचा मोर्चा मी शाळा सुटल्यावर पाहायला गेले होते. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या बाजूंची माणसे, डोक्यावर लाल टोप्या, पायांत रबरी चपला, काहींच्या पायांत त्याही नव्हत्या. सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालून ते मुंबईला पोहोचले आणि दहावीच्या परीक्षेच्या मुलांना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रात्रीच चालले. त्यांच्या मागण्यांत वनहक्काचे दावे अग्रभागी होते. २००६ च्या वनहक्क कायद्यात दावा फेटाळला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते, पण दावा फेटाळला हेच ज्याला कळवले नाही, किंवा कळवले तर का फेटाळला हे सांगितले नाही, त्याने साठ दिवस कुठून मोजायचे? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये आधी दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, पण पंधरवड्यात तो थांबवला आणि राज्यांकडून दावे फेटाळताना कोणती पद्धत पाळली याची माहिती मागवली. माझ्या दृष्टीने सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथेच होते.

मोर्चा उठला तो १२ मार्चला, सरकारने लेखी आश्वासन दिल्यावर. अक्षरओळख नसलेल्या म्हाताऱ्या बायाही त्या मोर्च्यात होत्या, आणि कागदाशिवाय मागे फिरायचे नाही, हे त्यांनाही पटलेले होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत लोक पुन्हा निघाले, कारण लिहिलेले पुरते पाळले गेले नव्हते. पुन्हा लेखी आश्वासन मिळाले. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसऱ्यांदा निघाले. लेखी आश्वासन म्हणजे न्याय मिळाला, असे या घटनांवरून कोणालाही म्हणता येणार नाही. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी त्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले नाही. तुम्हीच काय लिहून दिले होते ते पाहा, एवढे म्हणणे पुरेसे होते.

कागदाची मर्यादाही मला इथे लिहिलीच पाहिजे. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. अधिसूचना रीतसर होती, छापील होती, तिच्यात कायद्याच्या कलमाचा उल्लेख होता. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला मात्र ती एका रात्रीत येऊन भेटली. त्याला आधी कोणी विचारले नव्हते, आणि ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा यासाठी त्याने किती तोटा सोसायचा, याचा हिशेब त्या कागदावर नव्हता. लिहिलेल्या आदेशाआधी ऐकून घेणे नसेल तर कागद कितीही नेटका असो, तो हुकूमच राहतो. जमावबंदीच्या मनाई आदेशांचेही तसेच आहे. सण, मोर्चे, परीक्षा यांच्या आगेमागे पोलीस कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखाली निघणारे आदेश मी नाशिकच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे वाचते आणि त्यांतली वाक्ये मला जवळजवळ पाठ झाली आहेत. तारखा बदलतात, कारणे तीच राहतात. कारण लिहायचे ते त्या प्रसंगाचा विचार करून लिहायचे असते. तो विचारच झाला नसेल तर लिहिलेले आणि न लिहिलेले यांत फारसा फरक उरत नाही.

तपोवनातली झाडे सिंहस्थाच्या कामासाठी तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला, तेव्हा शहरात जो विरोध उभा राहिला, त्यात मी माझ्या आठवीच्या मुलींना हरकत कशी लिहायची ते शिकवले. विषय, संदर्भ, आपले म्हणणे, तारीख, सही. एका मुलीने विचारले, "बाई, हे वाचतात का?" मी तिला खरे तेच सांगितले, की वाचतीलच याची खात्री मला देता येत नाही, पण शिक्का मारून घेतला तर मिळालेच नाही असे त्यांना म्हणता येणार नाही.

आमची वारस नोंद झाली. फेरफार मांडला गेला, पंधरा दिवसांची नोटीस लागली, कोणाचीच हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि नव्या सातबाऱ्यावर चार नावे एकाखाली एक आली. आईने तो उतारा चष्मा लावून वाचला आणि आमच्या दोघी बहिणींच्या नावांवर पदराचे टोक फिरवले, जणू त्यावर धूळ बसली होती. अण्णांनीही पाहिला. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी आमच्या चुलत बहिणीच्या सासरी असाच प्रसंग आला तेव्हा, "आधी पोच घे," असा निरोप त्यांनीच तिला पाठवला.

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या मावशी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आल्या. निराधार योजनेचे त्यांचे अनुदान काही महिन्यांपासून थांबले होते आणि, "वरून बंद झालंय," यापलीकडे त्यांना कोणी काही सांगत नव्हते. आम्ही दोघींनी ग्रंथालयातल्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. केव्हापासून पैसे आले नाहीत, पासबुकात शेवटची नोंद कधीची, हयातीचा दाखला केव्हा दिला, हे सगळे त्यांनी सांगितले आणि मी लिहीत गेले. शेवटी मी लिहिले, "अनुदान बंद करण्यात आले असल्यास त्याचे कारण मला मराठीत लेखी कळवावे, ही विनंती." त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवायला लावले. मग दोन्ही प्रतींवर सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली, आणि दुसरी प्रत घडी घालून पिशवीत ठेवताना विचारले, "बाई, शिक्का हिच्यावरच मारून आणायचा ना?"